जुनी परीक्षा, नवे नियम: कस्टम ब्रोकरच्या लायसन्सबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच एकाच विषयाची निघाली: आयात-निर्यातीचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या कस्टम ब्रोकरचं लायसन्स. नियम बदलले, आता माझं काय? उरणच्या पत्राला सविस्तर उत्तर देते आहे. तो प्रश्न एकट्या उरणकराचा नाही, आणि कधीकाळी तो माझाही होता.

प्रश्न (उरणहून एक वाचक): मी बी.कॉम. आहे, वय ३९. न्हावा शेवाला एका कस्टम ब्रोकर कंपनीत पंधरा वर्षं काम करतो. २०१६ मध्ये, म्हणजे २०१३ चे नियम चालू असताना, ब्रोकरची लेखी आणि तोंडी परीक्षा पास झालो. कंपनीकडे लायसन्स होतंच, म्हणून एफ-कार्डावर (ब्रोकरची परीक्षा पास झालेल्या कर्मचाऱ्याला कस्टमकडून मिळणारं कार्ड) तिथेच सह्या करत राहिलो. स्वतःचं लायसन्स काढलं नाही. आता मालक धंदा आवरायला निघालेत. चौकशीला गेलो तर खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "२०१८ चे नियम आले, जुनी परीक्षा बाद, पुन्हा बसा." मॅडम, हे खरं आहे का? या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कपाटातली जुनी फाइल काढून समोर ठेवली. तिच्यात माझं १९९७ चं परीक्षा पास झाल्याचं पत्र आहे. टाचणीचा गंज कागदात उतरलाय, घडीवर तो विरलाय, पण गोल शिक्का अजून वाचता येतो. मी १९८८ मध्ये बॅलार्ड इस्टेटमधल्या एका सीएचए (कस्टम हाऊस एजंट, म्हणजे आजच्या भाषेत कस्टम ब्रोकर) फर्ममध्ये टायपिस्ट म्हणून लागले. तेव्हा बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात माल सोडवण्यासाठी कस्टमला द्यायचा कागद, हाताने टाइप व्हायची. माल थेट घरच्या वापराला सोडवायचा तर पांढरी, बॉन्डेड गोदामात (शुल्क भरण्याआधी माल ठेवतात तिथे) ठेवायचा तर पिवळी, गोदामातून बाहेर काढायचा तर हिरवी. कार्बन उलटा लागला की सगळा संच वाया. तिथूनच काम शिकत शिकत मी १९८४ च्या नियमांखालची परीक्षा दिली आणि पास झाले. पण कायमचं लायसन्स घेतलं नाही. डिपॉझिटला पैसे नव्हते, घराचे हप्ते चालू होते, आणि फर्मच्या लायसन्सवर काम भागत होतं. तुमचंही अगदी असंच झालंय.

मग २३ फेब्रुवारी २००४ ला नवे नियम आले. पूर्वी आधी तात्पुरतं लायसन्स मिळायचं आणि त्या मुदतीत परीक्षा पास व्हावी लागायची. ती पद्धत गेली, आधी परीक्षा आणि मग लायसन्स असं झालं. अभ्यासक्रमही वाढला. संगणकावरून कागदपत्रं दाखल करणं आलं, पेटंट-कॉपीराइटचे कायदे आले. हे योग्यच होतं असं मी तेव्हाही म्हणत होते. काम बदललं होतं, तर परीक्षा बदलायलाच हवी होती. चूक वेगळ्याच ठिकाणी झाली. जुन्या परीक्षेत पास झालेल्यांना पुन्हा बसायला लावायचं की नाही, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला आणि माणसं कोर्टात गेली. मी २००५ मध्ये लायसन्ससाठी विचारायला गेले, तेव्हा मलाही एका कार्यालयातल्या खिडकीवर तुमच्यासारखंच एका वाक्याचं उत्तर मिळालं. मी ते ऐकलं आणि परत फिरले. लेखी मागितलं नाही. पुन्हा परीक्षेला बसले, पास झाले, आणि २००९ मध्ये लायसन्स हातात पडलं. मधली चार वर्षं त्या एका तोंडी वाक्याने खाल्ली. तुमच्या बाबतीत असं होऊ नये, म्हणून हे उत्तर लांबवते आहे.

आता कायद्याकडे येऊ. कस्टम ब्रोकरचं लायसन्स १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम १४६ खाली मिळतं, आणि त्या कलमाखाली केंद्रीय बोर्ड नियम करतं. १९८४ चे नियम, मग २००४ चे, मग २१ जून २०१३ चे. 'हाऊस एजंट' हे नाव जाऊन 'ब्रोकर' आलं तेही २०१३ मध्येच. आणि मग १४ मे २०१८ चे. प्रत्येक नवा संच जुन्याची जागा घेतो. पण प्रत्येक अधिसूचनेच्या पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य असतं, ते लोक वाचत नाहीत. थेट नियम एकवर उडी मारतात. त्या वाक्याचा मराठीत अर्थ असा: आधीचे नियम रद्द करून हे नवे नियम करत आहोत, मात्र रद्द होण्यापूर्वी केलेल्या किंवा करायच्या राहून गेलेल्या गोष्टी सोडून. राजपत्राचा हा कागद मी कल्याण-सीएसटी लोकलमध्ये उभ्याने वाचला होता, आणि त्या शेवटच्या शब्दांखाली पेनाने केलेली रेघ गाडीच्या धक्क्याने वाकडी गेलेली आजही दिसते. तुमची परीक्षा ही रद्द होण्यापूर्वी 'केलेली गोष्ट' आहे. तुम्ही बसलात, सरकारने तपासलं, सरकारने पास म्हटलं. ते सगळं २०१८ च्या आधी पूर्ण झालं.

यामागे अजून एक आधार आहे, आणि तो आपल्या कोल्हापूरमुळे मिळालाय. कोल्हापूर केनशुगर वर्क्सचा एक्साइजचा खटला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठापुढे गेला आणि २००० मध्ये निकाल लागला. साखर कारखान्याला एका नियमाखाली नोटीस निघाली होती, आणि प्रकरण मिटायच्या आत १९७७ मध्ये तो नियमच वगळला गेला. कोर्टाने म्हटलं, कायदा रद्द झाला तर जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम ६ जुनी प्रकरणं आणि जुने हक्क वाचवतं, पण ते कलम अशा नियमांना लागू होत नाही. म्हणजे नियम गेला की त्याखालची अर्धवट कारवाईही गेली. तेव्हा त्यात नुकसान सरकारचं होत होतं, म्हणून हालचाल झाली. २००१ च्या फायनान्स ॲक्टने एक्साइज कायद्यात ३८-अ आणि कस्टम्स कायद्यात १५९-अ ही कलमं घातली. १५९-अ म्हणतं की या कायद्याखालचा नियम, विनियम, अधिसूचना किंवा आदेश बदलला, रद्द झाला, त्याच्या जागी दुसरा आला, तरी वेगळा हेतू स्पष्ट दिसत नसेल तर आधी जे घडलं त्यावर, आणि आधी मिळालेल्या हक्कांवर व जबाबदाऱ्यांवर परिणाम होत नाही. सरकारने आपल्या वसुलीसाठी हे कलम आणलं असेल, पण ते दोन्हीकडून वाचता येतं. तुमच्या अर्जात या कलमाचा आकडा घातल्याशिवाय राहू नका.

इथवर वाचून तुमचा जीव भांड्यात पडला असेल, तर थोडं थांबा. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

परीक्षा पास होणं आणि लायसन्स मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स जोवर दिलेलं नाही तोवर ते तुमचं नाही. तामिळनाडूतल्या काळ्या ग्रॅनाइटच्या खाणींच्या खटल्यात, हिंद स्टोनच्या, सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये हे स्पष्ट केलं. अर्ज आधी केला होता म्हणून जुने नियम लावा, असं म्हणता येत नाही. अर्ज निकाली निघतो त्या दिवशीचे नियम लागतात. तेव्हा तुम्ही आज अर्ज केलात तर लायसन्सच्या बाकीच्या अटी आजच्या तपासल्या जाणार, २०१६ च्या नाहीत. पदवी, किमान पाच लाखांच्या मालमत्तेचा पुरावा, डिपॉझिट, फी, कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसणं, दिवाळखोर नसणं, हे सगळं नव्याने सिद्ध करायचं. त्याबद्दल कुरकुर करू नका, वेळ जातो. तुमचा आग्रह एकाच मुद्द्यावर राहू द्या: परीक्षेची अट मी पूर्ण केलेली आहे आणि ती पूर्णच राहते. तुमचं अर्धं प्रकरण भूतकाळात पक्कं झालंय, अर्धं आज तपासायचंय. खिडकीवरच्या माणसाने दोन्हींची मोट बांधून तुम्हाला घरी पाठवलं.

आता काय करायचं ते सांगते.

पहिलं, पास झाल्याचं मूळ पत्र शोधा. सापडलं की त्याला लॅमिनेशन करू नका. माझ्या एका सहकाऱ्याने हौसेने केलं. गरम पत्र्यातून जाताना शिक्क्याची शाई पसरली, आणि पुढे तो कागद खरा आहे हे पटवता पटवता त्याच्या नाकी नऊ आले. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, आणि चार साक्षांकित प्रती काढून घ्या. पत्र हरवलं असेल तर ज्या आयुक्तालयातून निकाल कळवला गेला तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. निकालाची यादी, तुमचा बैठक क्रमांक, तोंडी परीक्षेची तारीख, जे मिळेल ते मागा.

दुसरं, एफ-कार्डाचा हिशेब पूर्ण करा. मालक धंदा आवरतायत, तर आवरण्याच्या आधी त्यांच्याकडून तुमच्या कामाचं पत्र घ्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या कार्डावर कुठे काम केलं. ऑफिसला कुलूप लागल्यावर हे पत्र द्यायला कोणी उरत नाही. कार्ड जमा कराल तेव्हा पोच घ्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेखी अर्ज करा. आवक-जावकला द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. अर्जात एक परिच्छेद एवढाच: अमुक तारखेला अमुक नियमांखाली परीक्षा उत्तीर्ण, निकालाचं पत्र सोबत, २०१८ च्या अधिसूचनेतलं आरंभीचं वाक्य आणि कलम १५९-अ यांच्या आधारे ही उत्तीर्णता ग्राह्य धरावी, आणि तसं नसेल तर कारणं देऊन लेखी कळवावं. हे शेवटचं वाक्य विसरू नका. लेखी, कारणांसहित नकार हातात असेल तर वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि वेळ आलीच तर घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टातही. तोंडी नकार घेऊन कुठेच जाता येत नाही. २००५ मध्ये मी चुकले ते नेमकं इथे.

आणि पुन्हा बसायचं का? अर्जाचा निकाल लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका एवढंच म्हणेन. परीक्षेची जाहिरात आली आणि तुमच्या अर्जाला उत्तर आलेलं नसेल, तर परीक्षेचा फॉर्म 'हक्क अबाधित ठेवून' असं सोबतच्या पत्रात लिहून भरा. पंधरा वर्षं डॉकवर काढलेल्या माणसाला ती परीक्षा जड नाही. पण तुम्हाला बसावं लागणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्यासारखंच एक पत्र अलिबागहून आलंय, त्यांना इथेच सांगते. त्यांची लेखी झाली होती, तोंडी राहिली होती आणि नियम बदलले. ताई, तुमचं प्रकरण उरणकरांपेक्षा कच्चं आहे. पूर्ण परीक्षा ही झालेली गोष्ट, अर्धी परीक्षा ही होऊ घातलेली गोष्ट. लेखीचे गुण धरावेत म्हणून अर्ज जरूर करा, पण त्या भरवशावर वर्ष वाया घालवू नका. अभ्यासाला लागा.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): माझं प्रोप्रायटरी (एकट्याच्या नावाचं) लायसन्स २०१३ मध्ये दहा वर्षांसाठी मिळालं होतं. एक सल्लागार म्हणतो रिन्युअलचं काम थकलंय, मोठा दंड बसेल, माझ्याकडे द्या. त्याने सांगितलेली रक्कम बरीच आहे.

उत्तर: एक पैसाही देऊ नका. २३ जुलै २०२१ च्या दुरुस्तीने लायसन्सचं नूतनीकरणच बंद झालं. त्या दिवशी चालू असलेली लायसन्सं कायमची झाली. तुमची दहा वर्षं २०२३ ला संपणार होती, म्हणजे तुम्ही त्यात आलात. नियम बदलल्याने फायदा झाल्याचं उदाहरण क्वचित हाती लागतं, हे त्यातलं एक.

मात्र त्याच दुरुस्तीत एक अट आली: सलग एक वर्ष त्या लायसन्सवर काहीच काम झालं नाही तर ते निष्क्रिय म्हणून अवैध ठरू शकतं. तुम्ही पत्रात मध्ये आजारपणात काम बंद होतं असं ओझरतं लिहिलंय. तेवढं तपासा. आइसगेटवर (कस्टमच्या ऑनलाइन पोर्टलवर) तुमच्या नावाने शेवटची बिल ऑफ एंट्री किंवा निर्यातीचं शिपिंग बिल कधी दाखल झालं, ती तारीख काढा. वर्षाहून मोठी पोकळी निघाली तर स्वतः आयुक्तालयात जाऊन लेखी कळवा आणि पुढचं विचारा. त्यासाठी सल्लागार लागत नाही.

प्रश्न (वास्को, गोव्याहून एक वाचक): बाबांचं मुरगाव बंदरावर एकट्याच्या नावे लायसन्स होतं. तीन महिन्यांपूर्वी ते गेले. मी बी.ए. आहे, त्यांच्याकडे जी-कार्डावर (कर्मचाऱ्यांची परीक्षा पास झालेल्याला मिळणारं कार्ड) चार वर्षं काम केलंय. पार्ट्या, म्हणजे आयात-निर्यात करणारी गिऱ्हाइकं, जुन्या आहेत, फोन करतात. वारस म्हणून लायसन्स माझ्या नावावर होईल ना? बाबांच्या वेळी नियम वेगळे होते, ते मला लागू होतील का?

उत्तर: ताई, बाबा गेल्याचं वाचून वाईट वाटलं. जी-कार्डावर चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत, म्हणजे घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे त्यांची जागा रिकामी दिसत असेल.

उत्तर मात्र कडू आहे आणि ते लगेच कळलेलं बरं. लायसन्स हे घरासारखं किंवा बँकेतल्या ठेवीसारखं वारसाने येत नाही. ते ज्याला दिलं त्यालाच दिलेलं असतं. ते विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. सरकारने परीक्षा बाबांची घेतली होती, विश्वास बाबांवर टाकला होता. बाबांच्या वेळचे नियम बाबांच्या लायसन्सला लागू होते. तुमचा अर्ज हा नवा अर्ज, त्याला आजचे नियम.

तेव्हा आज, म्हणजे खरंच या आठवड्यात, दोन गोष्टी करा. बाबांच्या मृत्यूची लेखी सूचना दाखल्यासह आयुक्तालयाला द्या. आणि बाबांच्या लॉगिनवरून, त्यांच्या डिजिटल सहीवरून एकही कागद दाखल करू नका. पार्टी जुनी असो, माल बंदरावर अडकलेला असो, रोजचं भाडं चढत असो. गेलेल्या माणसाच्या सहीने बिल ऑफ एंट्री भरली गेली आणि उद्या त्या मालात काही निघालं, तर तुमच्या स्वतःच्या लायसन्सची वाट कायमची बंद होईल. अर्जदाराचा इतिहास स्वच्छ असणं ही पात्रतेचीच अट आहे. पार्ट्यांना ओळखीच्या, लायसन्स असलेल्या ब्रोकरकडे पाठवा आणि तिथे तुमच्या नावे नवं कार्ड काढून काम सुरू ठेवा. पार्ट्या तुमच्या आवाजाला ओळखतात, त्या टिकतील.

चांगली बाजू अशी की तुम्ही परीक्षेला पात्र आहात. पदवी आहे, आणि २०१८ च्या नियमांत जी-कार्डावरचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, तुमचा चार वर्षांचा आहे. तो अनुभव कागदावर कसा आणायचा हा प्रश्न येईल, कारण तो लिहून देणारे बाबाच होते. जी-कार्ड कस्टम हाऊसने दिलंय, त्याची नोंद तिथे आहे. तिचा दाखला मागा.

प्रश्न (पनवेलहून एक वाचक): मी बारावी पास, वय ४६. २००१ पासून डॉकवर. आधी एच-कार्ड (परीक्षा न दिलेल्या कर्मचाऱ्याचं), मग परीक्षा देऊन जी-कार्ड. दोन मुलं माझ्या हाताखाली शिकून ब्रोकर झाली. दोघंही पदवीधर, त्यातल्या एकाकडेच मी आता जी-कार्डावर आहे. मला परीक्षेला बसताच येत नाही. माझी कार्डं जुन्या नियमांखालची आहेत, तर पदवीची अट मला माफ व्हायला नको का? इतक्या वर्षांच्या अनुभवाला काही किंमत नाही का?

उत्तर: दादा, किंमत आहे, आणि ती किती आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असेल? कंटेनरचं सील तोडल्यावर माल बघून टॅरिफचं हेडिंग (शुल्काच्या यादीतला त्या मालाचा क्रमांक) सांगणारी माणसं मी डॉकवर पाहिली आहेत, आणि त्यातली अर्धी बारावीच्या पुढे गेलेली नव्हती. पण तुमच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर 'नाही' आहे. त्याचं कारण वर उरणकरांना सांगितलं तेच, फक्त इथे ते तुमच्या विरुद्ध जातं. तुमचं जी-कार्ड ही झालेली गोष्ट, ते कोणी काढून घेत नाही. पण ब्रोकरच्या परीक्षेला तुम्ही कधी बसलाच नव्हता. ती परीक्षा तुम्हाला पुढे द्यायची आहे, आणि पुढच्या गोष्टीला पुढचे नियम. पदवीची अट २०१८ ची नाही, २००४ च्या नियमांतही ती होतीच. अनुभव पदवीच्या जागी चालत नाही, पदवीच्या जोडीला लागतो.

ही अट अनुभवी माणसांवर अन्याय करते असं माझं मत आहे. जी-कार्डावर वीस वर्षं काढलेल्याला एकदा तरी परीक्षेला बसू द्यावं. नापास झाला तर झाला. परीक्षा काही सोपी नाही, संगणकावर दीडशे प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि साठ टक्क्यांखाली सगळं फुकट. त्यानंतर तोंडीतही साठ टक्के. एवढी चाळणी असताना दारातच अडवायचं कशाला? हे मी ब्रोकरांच्या संघटनेच्या बैठकीत बोलले आहे आणि पुढेही बोलेन.

पण माझ्या मताने तुमचा फॉर्म भरला जाणार नाही. म्हणून दुसरा रस्ता सांगते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तुमच्यासाठीच आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठ आहे, बी.कॉम. किंवा बी.ए. मराठी माध्यमातून तीन वर्षांत होतं, अभ्यासवर्ग सुट्टीच्या दिवशी असतात, आणि बारावी झालेली असल्याने प्रवेशाला अडचण नाही. ऑफिसातला आमचा एक शिपाई असाच पदवीधर झाला. नाइट शिफ्टच्या सीएफएसवर (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात), वजनकाट्याच्या केबिनमधल्या दिव्याखाली पुस्तक उघडून बसायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन कंटेनरची कस्टमची तपासणी होती. आऊट ऑफ चार्ज (माल सोडल्याचा आदेश) घेऊन पहाटे पाचला तो तिथूनच थेट केंद्रावर गेला.

तीन वर्षांनी तुम्ही ४९ चे असाल. तोवर नियम पुन्हा बदलतील की नाही हे आज कोण सांगणार? पण बदलले तरी पदवी गेली असं होणार नाही. आणि एक काम आत्ताच करून ठेवा. २००१ पासून ज्या ज्या ब्रोकरकडे काम केलंत, त्यातले जे हयात आहेत आणि ज्यांची ऑफिसं उघडी आहेत, त्यांच्याकडून अनुभवाची पत्रं आजच्या तारखेची घेऊन ठेवा. ती दोन मुलं तुमच्या हाताखाली शिकली म्हणालात ना? त्यांच्यापैकी ज्याच्याकडे तुम्ही आता जी-कार्डावर आहात, त्याला पहिलं पत्र मागा. तो नाही म्हणणार नाही.

मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाला बारावीचं मूळ गुणपत्रक लागेल. ते गावी असेल तर या सुट्टीत जाऊन घेऊन या.